टेकडी आणि तळं

"तळं बुजवू की नको, बाबा? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

गावातला म्हातारा केशवगीर गोसावी तळ्याच्या पायरीवर बसून पंचा पिळत होता. त्यानं मान वर केली नाही.

विचारणारा हंबीर. कॉलेज अर्ध्यावर सोडलेला, या बागेचा नवा मालक. आजोबा गेले नि सगळं याच्या गळ्यात पडलं. बंगला, सुरूच्या रांगा, कारंजी, तळं, तळ्याला लागून हिरवीगार टेकडी.

फाटकावर संगमरवरात कोरलंय, 'माळरानाचे नंदनवन करणारे जहागीरदार'. सहली येतात, मास्तर ते पोरांकडून मोठ्यानं वाचून घेतात.

माळरान कसलं? कुंभारवाडी होती. आजोबांनी उठवली. गावातल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. एकानं तोंड उघडलं नाही. उलट दसऱ्याला वाकून मुजरे घातले.

"टेकडी फोडून तळ्यात ढकलतो," हंबीर म्हणाला. "कुंभारवाडी उठवणाऱ्या आजोबांची निशाणी नको मला."

जेसीबी उभाच होता.

"ढकल की."

"अडवणार नाही?"

"मी कोण अडवणारा? पहिली कुदळ तेवढी तू मार."

हंबीरनं दाणकन मारली. हिरवळ फाटली... माती आलीच नाही. खळखळ खापरं ओघळली.

पुन्हा मारली. खापरंच. त्यानं एक उचललं.

"हे काय?"

"मडकी. भट्टीत फुटली की कुंभार इथं टाकायचे. त्यांचे पणजोबा, आजोबा, बाप, सगळ्यांनी टाकली."

"आणि तळं?"

"मडक्यांचा चिखल तिथनं काढायचे."

"मग आमच्या आजोबांनी केलं काय?"

"गवत लावलं."

हंबीरला हसू फुटलं.

"म्हणजे बाग कुंभारांचीच."

"असं म्हणालास, तर त्यांना कुणी हाकललंच नाही असं होईल."

"मग बुजवतो!"

"बुजव. ते इथं होते याची दुसरी खूण नाही."

"मग ठेवतो."

"ठेव. फाटकावरच्या दगडावर आजोबांचं नाव आहेच."

"दगडच फोडतो!"

"फोड. कुणी हाकललं, ते मग कोण सांगणार?"

हंबीरनं कुदळ फेकली.

"तुम्हा म्हाताऱ्यांचं हेच! तेव्हा मूग गिळून बसलात, आता कोडी घालताय. मी करू काय, ते सांगा ना!"

गोसावी उठला, पंचा खांद्यावर टाकला.

"मालक, चालू करू का?" जेसीबीवाला ओरडला.

हंबीरच्या हातात मडक्याच्या बुडाचं ते खापर तसंच राहिलं होतं. त्यानं टेकडीकडं पाहिलं, तळ्याकडं पाहिलं, परत टेकडीकडं.

गोसाव्यानं ते खापर त्याच्या हातातून घेतलं. तळ्यात बुडवलं, भरलं, त्याच्यापुढं धरलं. खापराला चीर होती.

"लवकर पी. गळतंय."