लेथगल्लीतला पहिला माणूस

"पण पहिल्यांदा हे केलं कुणी?"

दस्तगीर मिस्त्रींनी लेथवरून मान वर केली नाही.

"काय केलं?"

"मोटरचे चार बोल्ट काढून दोन पिना बसवल्या ते. पाणी चढायला लागलं की पिना ओढायच्या, मोटर साखळीनं छताला टांगायची. ही युक्ती कुणाची?"

"मल्लाप्पाची."

"मल्लाप्पा म्हणतात, तुमची."

"खोटं बोलतोय. जुनी खोड हाय त्याची."

समोरच्या वर्कशॉपमधून मल्लाप्पा लोहार ओरडला, "खोटं तू बोलतोयस, म्हाताऱ्या!"

ऋजुता खांबेटेनं वही मिटली. ती पुण्याहून आली होती. शहरात नवं काही कसं जन्माला येतं आणि त्याच्या जोरावर शहर संकटातून कसं उभं राहतं, हा तिच्या पीएच.डी.चा विषय. चार वर्षं त्यात गेली होती.

गल्ली तिनं बरोबर निवडली होती. गेल्या पुरात इथं नऊ फूट पाणी होतं. पाणी उतरलं आणि तिसऱ्या दिवशी बासष्ट लेथ फिरायला लागले. शहराबाहेरच्या वसाहतीतले मोठे कारखाने दोन महिने बंद होते. त्यांच्याकडे सल्लागार होते, आपत्ती व्यवस्थापनाची गुळगुळीत पुस्तिका होती. पूर ओसरल्यावर सत्कार झाला तो पुस्तिका लिहिणाऱ्यांचा. लेथगल्लीत साधा हारही आला नाही.

तिच्या मार्गदर्शकांनी मात्र अट घातली होती. मूळ संशोधकाचं नाव नाही, तर प्रकरण नाही. प्रकरण नाही, तर पदवी नाही. हातात पंधरा दिवस उरले होते.

एकेचाळीस जणांना तिनं विचारलं होतं. एकेचाळीस जणांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं होतं.

"तुम्ही सगळे मिळून माझ्यापासून लपवताय," ती म्हणाली. "मी काही तुमची युक्ती विकायला आलेली नाही. मी अभ्यासक आहे."

मिस्त्रींनी लेथ बंद केला.

...

"पिशवीत काय हाय?"

"प्रबंध. कच्चा खर्डा."

"कुनी वाचलाय?"

"पूर्ण कुणीच नाही. छापून होईपर्यंत मी दाखवत नाही. लोक चोरतात."

"दे."

ती घुटमळली. मग दिला. म्हातारा चष्मा शोधेल असं तिला वाटलं होतं. तो गल्ली ओलांडून गेला आणि तीनशे पानांचा गठ्ठा मल्लाप्पाच्या ग्रीसनं माखलेल्या टेबलावर ठेवला.

"मल्ल्या, उघड."

"अहो! ते माझं आहे!"

"म्हनून तर तू उघडायचं न्हाई."

ती रडकुंडीला आली. मल्लाप्पानं हात पुसले. नीट पुसले, एकेक बोट.

"बाई, पूर उतरला की हितं आपलं मशीन आपन उघडत न्हाई," तो म्हणाला. "माझं यानं उघडायचं, याचं मी, न्हाईतर पलीकडच्यानं. आज्जापास्नं चालत आलंय."

"का?"

"आपलं उघडताना मानूस रडत बसतंय. दुसऱ्याचं उघडताना काम करतंय."

"आणि?"

"आनि काय? आत काय नवं दिसलं, तर आपल्यात बसवायचं. माझ्यात एक पिन व्हती. यानं ती बघितली, आपल्यात दोन घातल्या. पुढच्या पुराला याचं मशीन पलीकडच्यानं उघडलं. त्यानं साखळी जोडली. मी ती त्याच्याकडनं उचलली."

"मग तुमची ती पहिली पिन? ती कुठून आली?"

मल्लाप्पा हसला. "कुनाचं तरी उघडलं असंल की."

...

मल्लाप्पा वाचायला बसला. दहावी नापास माणूस, पान न् पान बोटाखाली धरून वाचत होता. गल्ली गोळा झाली. कुणी चहा आणला. दुपारी त्यानं एका ओळीवर खडूनं गोल केला.

"हितं लिवलंय, 'या गल्लीत नोंदवलेले शोध : शून्य.' मग बाई, तिसऱ्या दिवशी लेथ कशावर चालवले आमी? फुंकरीवर?"

गल्ली खदखदून हसली. ऋजुताचे कान लाल झाले. तिनं गठ्ठा ओढून घेतला, त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं...

मग तिनंच ती खोडली.

तिथंच, मल्लाप्पाच्या टेबलावर, तिनं मोठा कागद पसरला. एकेचाळीस नावं लिहिली. कुणी कुणाचं मशीन उघडलं, तिथं बाण काढला. अंधार पडायच्या आत कागद बाणांनी भरला. पहिला माणूस त्यात कुठंच नव्हता. आणि एकही नाव सुटं उरलं नव्हतं.

तोंडी परीक्षेत तिघांपैकी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो कागद उभा धरला, आडवा धरला.

"याची सुरुवात कुठे आहे?"

"नाही, सर. हाच माझा निष्कर्ष आहे."

परीक्षकांनी एका बाणावरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "त्या गल्लीत मला न्याल?"

पदवी मिळाली. ज्या मार्गदर्शकांनी नावाची अट घातली होती, ते आता त्याच कागदावर परदेशात भाषणं देतात. देवोत बापडे.

डॉक्टर ऋजुता खांबेटे बांधीव प्रबंध घेऊन गल्लीत आली तेव्हा कोपऱ्यापासून हलगी कडाडत होती. बासष्ट लेथ बंद ठेवून माणसं रस्त्यावर उतरली होती. मल्लाप्पानं तिच्यावर इतका गुलाल उधळला की प्रबंधाचं कव्हर गुलाबी झालं. तिनं ते पुसलंही नाही.

गर्दीतून वाट काढत ती मिस्त्रींपुढे उभी राहिली. धाप लागलेली, डोळे चमकत होते.

"मिस्त्री, तिघं परीक्षक होते! तीन तास! एकालासुद्धा एकही चूक सापडली नाही!"

हलगी थांबली.

मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला...

"वाईट वाटून घिऊ नगंस, पोरी. उघडंल कुनीतरी. सापडंल."