साडेचार जास्त, सव्वाचार कमी

भद्रसेन राजाने हुकूम सोडला: तांबट आळीने राजाच्या हत्तीसाठी तांब्याचा हौद करून द्यावा. तळ चौरस हवा. उंची तळाच्या बाजूपेक्षा बरोबर एक हात जास्त हवी. आणि एक हात लांब, एक हात रुंद, एक हात उंच अशा डब्याने मोजून शंभर डबे पाणी त्यात मावायला हवं. बाजूचं माप आठ दिवसांत दरबारात सांगा, नाहीतर आळी रिकामी करा!

हत्तीचं काही अडलं नव्हतं. तो नदीवर मजेत पाणी पीत होता. तांबटांच्या ठोकाठोकीने महाराजांची दुपारची झोप मोडत होती, एवढंच. पण झोपेसाठी साठ घरं उठवली असं म्हणायची राजालाही लाज वाटते, म्हणून हा हौदाचा घाट.

आळीचा म्होरक्या संभू तांबट आपल्या लेकीला, गोजरीला, घेऊन राजपंडित धुंडीशास्त्र्यांकडे गेला. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "बाजूचा घन अधिक बाजूचा वर्ग, बरोबर शंभर. यावर ग्रंथ असणारच."

"ग्रंथ नको बुवा, माप हवंय," गोजरी म्हणाली.

"पोरी, माप ग्रंथातच असतं."

झालं! चार शिष्य ग्रंथ शोधायला बसले. पहिल्या दिवशी त्यांनी पोथ्यांची यादी केली. दुसऱ्या दिवशी ती यादी कुठे ठेवली ते शोधलं. तिसऱ्या दिवशी एका पोथीत 'हे दुसऱ्या पोथीत पाहावे' असं सापडलं, आणि दुसरीत 'हे पहिलीत सांगितलेच आहे' असं. चौथ्या दिवशी काशीला स्वार धाडला. तो परतायला दोन महिने लागणार होते. बाजू चार हात धरली तर काय होतं, एवढं करून पाहायची मात्र कुणाला बुद्धी झाली नाही. विद्वानांचं हे असंच. घोटभर पाणी हवं असलं तरी आधी विहीर कुणी खणली ते विचारतील.

पाचव्या दिवशी संभूने भांडीकुंडी बांधायला काढली. "चल पोरी, आपलं नशीबच फुटकं."

"बाबा, डब्याला झाकण कसं बसवता तुम्ही?"

"कसं म्हणजे? सैल झालं तर आत ठोकायचं, घट्ट झालं तर बाहेर. दर खेपेला निम्म्या जोराने."

"मग हौदाचं वेगळं काय आहे?" असं म्हणून गोजरीने कोळसा उचलला.

आठव्या दिवशी दरबार भरला. गोजरीने राजसुताराची मापाची काठी मागून घेतली. तिच्यावर हाताच्या खुणा होत्या, अंगुळांच्या होत्या, आणि सगळ्यांत बारीक खुणा यवांच्या: हाताला चोवीस अंगुळं, अंगुळाला आठ यव.

"महाराज, बाजू चार हात धरली तर ऐंशी डबे मावतात. पाच धरली तर दीडशे. मग मधलं घेतलं. साडेचार जास्त झालं. सव्वाचार कमी पडलं. पुन्हा त्यांच्या मधलं घेतलं. असे सातच ठोके घातले, आणि उत्तर इथे येऊन बसलं: चार हात, सात अंगुळं, आणि वर सातव्या न् आठव्या यवाच्या मध्ये."

धुंडीशास्त्री उसळले. "मध्ये म्हणजे कुठे? ही अटकळ झाली! खरं उत्तर कुठाय?"

"तुमचं खरं उत्तर काढा बुवा. माझं त्याच्या शेजारी ठेवते, महाराज ताडून बघतील."

शास्त्रीबुवांनी काशीचा स्वार आला का ते बघायला एका शिष्याला वेशीवर पिटाळलं.

राजाला मात्र आळी उठवायची होती. तो म्हणाला, "मी बरोबर शंभर डबे म्हणालो होतो. सातव्या यवावर?"

"जरासे कमी."

"आठव्यावर?"

"जरासे जास्त."

"मग हरलीस तू!"

गोजरीने काठी राजाच्या हातात दिली. "या दोन खुणांच्या मध्ये आपल्या सुताराने खूणच मारलेली नाही, महाराज. ती मारून द्या, मी आणखी एक ठोका घालून उत्तर तिच्या अलीकडे की पलीकडे ते सांगते. मग त्यांच्याही मधली मारा, तिथेही सांगते."

"असं किती वेळ चालणार?"

"माझं हवं तितका वेळ चालेल. अडेल ती आपली काठी."

राजाने काठी डोळ्यांजवळ नेली, दोन खुणांमधली फट न्याहाळली, आणि पोट धरून हसत सुटला. हसू थांबल्यावर त्याने हुकूम दिला: तांबट आळी पिढ्यान्‌पिढ्या तांबटांची, ताम्रपटावर कोरून. आणि राज्यातली सगळी मापं तपासायचं काम आजपासून गोजरीकडे, धुंडीशास्त्र्यांच्याच पगारावर.