पाठमोरा पाडवा

पाडव्याच्या दुपारी चिंचघाटात पाऊल ठेवणारा पाहुणा आधी बुचकळ्यात पडतो. साऱ्या मुलखात गुढ्या दिमाखात उभ्या असतात आणि इथे दारोदारी नुसत्या बोडक्या काठ्या. ना लुगडे, ना गडू. मग त्याला घाटावर नेतात. तिथे घरोघरची लुगडी टोकाला टोक गाठून त्यांचा एक लांबलचक दोर केलेला असतो. गावातले पुरुष तो खांद्यावर घेऊन नदीकडे पाठ करून उभे असतात. नदीला तेव्हा घोटाभरही पाणी नसते. तरी कुणी हसत नाही, आणि पाहुणा हसलाच तर देवळामागचे म्हातारे त्याला पायरीवर बसवतात आणि ठकूबाईची गोष्ट सांगतात.

ठकूबाई भोईवाड्यातली. नवरा नाव हाकायचा, तो गेल्यावर हिने वल्हे हाती घेतले. जिभेला धार अशी, की उतारू नावेत भांडायला धजत नसत. तिची एकुलती लेक गिरजा भोईवाड्यातच दिलेली. उन्हाळ्यात भोयांची बिऱ्हाडे नदीच्या वाळूत उतरत, कलिंगडांच्या वाड्या करत आणि तिथेच खोपटी घालून राहत. नदी म्हणजे त्या दिवसांत अंगणच.

त्या पाडव्याला वाळूतले पुरुष गाड्या भरून बाजाराला गेले होते आणि बायका सणासाठी गावात आल्या होत्या. गिरजा तेवढी खोपटीत राहिली, कारण तिचे तान्हे लेकरू रात्रभर तापाने फणफणले होते. ठकूबाई आपल्या दाराशी गुढी उभारून लेकीसाठी पुरणपोळी बांधून घेत होती. डोक्यावर टळटळीत ऊन होते. पण वर डोंगरात रात्री गारांचा पाऊस कोसळला होता म्हणे, आणि त्याची खबर इथे कुणालाच नव्हती.

आधी फेस आला, मग पालापाचोळा, आणि मग एकदम लाल पाण्याचा लोंढा. ठकूबाई घाटावर पोचली तेव्हा खोपटी वाहून गेली होती. वाळूच्या मधोमध एक कातळ आहे, त्यावर गिरजा लेकराला छातीशी धरून उभी होती. पाणी तिच्या पायांशी होते आणि चढत होते.

नावा पालथ्या पडलेल्या, उन्हाने फळ्या तडकलेल्या. नावेचा दोर खोपटीबरोबर गेला. मोटेचे नाडे मळ्यांत, आणि मळे ओढ्यापलीकडे, ओढाही फुगलेला. ठकूबाईने चहूकडे पाहिले. गावभर गुढ्या उभ्या होत्या आणि प्रत्येक गुढीवर घरातले सगळ्यात चिवट, सगळ्यात चांगले लुगडे होते.

तिने धावत जाऊन आधी स्वतःची गुढी उतरवली आणि मग वरच्या आळीत शिरली. पण उभारलेली गुढी दिवस मावळण्याआधी उतरवायची म्हणजे घरावर अरिष्ट, ही भीती साऱ्यांच्या हाडीमासी खिळलेली. कुणी दाराआड झाले, कुणी नवऱ्याला विचारते म्हणाले. अन्नपूर्णाबाई कुलकर्णी तर गुढीपुढे हात पसरून उभ्या राहिल्या.

"ठकू, माझी सून पोटुशी आहे गं. पहिलटकरीण आहे."

"माझीबी लेक हाय वो बाई!" ठकूबाई म्हणाली. "अरिष्ट यायचं तर माझ्या घरावर येऊ द्या. पर लुगडं द्या!"

हे म्हणताना तिचा आवाज फाटला. नावेत सगळ्यांना धाकात ठेवणारी बाई त्यांच्या उंबऱ्याशी डोके टेकून रडत होती. अन्नपूर्णाबाईंनी डोळे मिटले आणि आपल्या हाताने काठी खाली ओढली. त्यांनी उतरवली म्हटल्यावर आळी हलली. बायकांनी भराभर गाठी मारल्या, पुरुषांनी त्या ओढून पाहिल्या. पण काही दारे उघडलीच नाहीत, आणि विनवण्यांत जो वेळ गेला तो गेलाच.

दोराचे टोक कमरेला बांधून ठकूबाईने वरच्या अंगाने पाण्यात उडी घेतली. घाट आणि कातळ यांच्या मध्ये नाव बांधायचा दगडी खांब आहे. तिथवर ती पोचली आणि दोर संपला. पुढे थोडेच अंतर होते, पण धार सगळ्यात जोराची तिथेच. गिरजेच्या गुडघ्यापर्यंत पाणी आले होते. काठावर आता आणखी काही बांधायला वेळच उरला नव्हता.

ठकूबाईने खांबाला मिठी मारली आणि घाटाकडे तोंड करून ओरडली, "बाप्यांनो, पाठ करा माझ्याकडं!"

पुरुष वळले. दोर त्यांनी खांद्यावर घेतला. मग तिने कमरेचा दोर सोडला, अंगावरचे नऊवारी फेडले, त्याचे एक टोक दोराला गाठले, दुसऱ्या टोकाचा गोळा करून कातळाकडे भिरकावला. तो दोनदा पाण्यात पडला, मग गिरजेच्या हाती लागला.

"आये, आन् तू?"

"आधी लेकरू ने! दोर मागनं सोडत्याल मला."

गिरजेने लेकराला पाठीशी आवळले, लुगडे कमरेला बांधले आणि पाण्यात उतरली. काठावरच्या बायकांनी इशारा केला, पुरुष ओढू लागले. गिरजा निम्म्यावर आली असेल-नसेल, वरून आणखी एक लोंढा आला. खांब पाण्याखाली जायला लागला. ठकूबाईच्या हनुवटीला पाणी लागले. काठावर कुणीतरी किंचाळणार, तोच तिची हाक आली.

"वळू नका!"

पुरुषांना वाटले, बाई लाजते आहे. त्यांनी माना आणखी खाली घातल्या आणि ओढत राहिले. बायकांना मात्र समोर सगळे दिसत होते. एकानेही वळून पाहिले असते तर खांद्यावरचा दोर सैल पडला असता आणि लेक-नातू दोघेही गेले असते. अन्नपूर्णाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. एकाही बाईने आवाज केला नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या, खांब दिसेनासा होईपर्यंत आणि नंतरही.

गिरजा पायरीला लागली. लेकरू रडले, तेव्हा पुरुषांना हायसे वाटले. तरी कुणी वळले नाही. बाई अजून पाण्यात आहे, असेच ते धरून होते. गिरजेने मागे पाहिले.

"वळा आता," शेवटी ती म्हणाली.

ठकूबाई पुढे कुठेच सापडली नाही, असे सांगतात. अन्नपूर्णाबाईंची सून सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, आणि कुलकर्ण्यांच्या घरात तिचे नाव ठकू ठेवले.

आजही चिंचघाटात पाडव्याला दुपारी गुढ्या उतरतात आणि कुणालाही कुणाच्या दारी विनवावे लागत नाही. दोर पुरा ओढून झाला तरी पुरुष तसेच पाठमोरे उभे राहतात. भोईवाड्यातली कुणी माहेरवाशीण 'वळा आता' म्हणते, तेव्हाच ते वळतात आणि कोरड्या वाळूतल्या त्या खांबाकडे पाहतात. बायका आधीपासूनच तिकडे बघत असतात.