बारशाचा धोंडा

वेशीतून आत आलात की डाव्या हाताला चिंचेखाली जो सपाट काळा दगड दिसतो, त्यावर बसू नका. बसलात तर कोणी ओरडणार नाही, पण म्हाताऱ्या बायका तुमच्याकडे बघत राहतील. त्याला बारशाचा धोंडा म्हणतात. आमच्या धामणसोंडेत बाहेरून नवा शब्द आला की तो या धोंड्यापाशी उभं राहून मोठ्यानं सांगायचा आणि जमलेल्यांनी तीनदा म्हणायचा, आला तसाच. त्याचं मराठी कोणी करायचं नाही. तुम्हाला हसू येईल. मलाही लहानपणी यायचं.

पूर्वी सगळं याच्या उलट होतं, असं सांगतात. गावात नाव ठेवण्याचा मान आमच्या घराकडे होता. तसा लोकांना नावं ठेवण्याचा मान सगळ्याच गावांत सगळ्यांना असतो, आमचा मात्र खरोखरचा होता. नवी वस्तू आली की ती सुपात घालून या धोंड्यावर ठेवायची, आमच्या घरच्या कर्त्यानं वाकून कुर्र करायचं आणि तिचं नाव सांगायचं. चष्म्याला म्हणे नाकखिडकी, खिशातल्या घड्याळाला वेळडबी, रॉकेलच्या कंदिलाला काचदिवटी. बारसं झाल्याशिवाय वस्तू घरात न्यायची नाही आणि बाहेरचा शब्द दवंडीत घालायचा नाही, हा नियम. कारण गावाची समजूत अशी, की नाव दिलं म्हणजे घर दिलं. एकदा नाव मिळालेली वस्तू मग गावातून जात नाही.

माझ्या आजोबांचे आजोबा गोंदजी यांच्याइतका नाव ठेवणारा पुन्हा झाला नाही म्हणतात. बसल्याजागी शब्द काढायचे आणि संध्याकाळपर्यंत तो पोरासोरांच्या तोंडी असायचा. त्यांना त्याचा गर्वही होता. नव्हता असं मी का सांगू?

त्यांची मुलगी सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना. त्याच दिवसांत तालुक्याहून टपालवाला हुकूम घेऊन आला. शेजारच्या मुलखात प्लेग सुरू झालाय, गावात दवंडी द्या, घरात उंदीर मरून पडायला लागले की घरं सोडून माळावर राहायला जा. दवंडी देणारा भिवा डफ घेऊन तयार होता. पण प्लेग हा शब्द बाहेरचा. तो पुकारायचा कसा? सगळे गोंदजींकडे बघायला लागले.

गोंदजी धोंड्यापाशी जाऊन बसले. एका दिवसात शब्द निघेल असं सगळ्यांना वाटलं. शब्द निघत होतेच, दहा निघाले असतील. पण प्रत्येक शब्द ओठावर आला की ते तो गिळायचे. चांगलं नाव ठेवलं तर रोग गावात घर करणार. नाव नाही ठेवलं तर दवंडी नाही. गावाला कळेल पण रोगाला रुचणार नाही, असा शब्द ते शोधत होते. तसा शब्द कुठल्याच भाषेत नसतो, हे त्यांना कोणी सांगावं?

दोन दिवस गेले, तीन गेले. भिवा रोज सकाळी येऊन विचारायचा, "गोंदतात्या, झालं का?" ते मान हलवायचे. चौथ्या दिवशी त्यांच्याच घराच्या आढ्यावरून मेलेला उंदीर खाली पडला. सगुणानं तो केरसुणीनं लोटून दिला. तिला बिचारीला काय ठाऊक. दवंडी झालेलीच नव्हती. ती जेवण घेऊन धोंड्यापाशी आली आणि म्हणाली, "आबा, कायबी नाव ठेवा, पर घरी चला. चार दिस झालं, धड जेवला न्हाई तुम्ही." उंदराचं ती बोलली नाही. बोलण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

पाचव्या दिवशी तिला ताप भरला, काखेत गाठ आली. सहाव्या दिवशी उजाडताच गोंदजी भिवाकडे धावत गेले आणि म्हणाले, "भिवा, आलाय तसाच सांग. माझ्याच्यानं व्हत न्हाई." भिवानं डफ वाजवला. लोकांना शब्द कळेना, म्हणून त्यानं चौकाचौकात सगळ्यांकडून तो तीनदा म्हणवून घेतला. दुपारपर्यंत गाव माळावर गेलं. सगुणाला हलवता येत नव्हतं. ओस पडलेल्या गावात बाप आणि लेक दोघंच राहिली. ती दोन दिवसांनी गेली. पोटातलंही गेलं. त्याला तर नाव ठेवायचीही वेळ आली नव्हती. त्या साथीत गावची बावीस माणसं गेली असं म्हणतात.

गोंदजींनी मग धोंड्यावर हात ठेवून शपथ घेतली, आमच्या घरातून पुन्हा शब्द निघणार नाही. काय यायचं ते येऊ दे, आलं तसं सगळ्यांना कळू दे. तेव्हापासून रेशन आलं, मोटर आली, लोडशेडिंग आलं, रिचार्ज आलं. 'टेन्शन' हा शब्द आला तेव्हा कोणी म्हणालं, काळजी आहे की आपल्याकडे! पण काळजी दुसऱ्याची करायची असते, टेन्शन ज्याचं त्याचं. म्हणून तोही घेतला. नाकखिडकी आता कोणाला आठवत नाही.

आजही रिवाज चालू आहे. गेल्या माघात माझ्या थोरल्यानं दवाखान्यातून एक शब्द आणला, आमच्या मंडळींसाठी, म्हणजे त्याच्या आईसाठी. त्या वर्षभर चूल विसरत होत्या, नातवंडं विसरत होत्या. मीच धोंड्यापाशी उभा राहिलो. अल्झायमर. माझी जीभ दोनदा अडखळली. सगळं गाव तीनदा म्हणालं. त्याही म्हणाल्या, आमच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ. मग माझी बाही ओढून हळूच विचारलं, "कुणाला झालंय वो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्यांचा हात धरला आणि घरी घेऊन आलो.