एकच फेरा

एकदा एका शिष्याला भयंकर राग आला, आणि पंचाईत अशी, की त्याचा राग अगदी खरा होता. खोट्या रागाची गोष्ट सांगणं सोपं असतं. शिष्य चुकतो, गुरू कान धरतो, श्रोते समाधानाने घरी जातात. इथे तसं नाही. ज्याच्यावर शिष्य भडकला त्याची चूक शंभर टक्के होती, हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच कोणी त्याचं वकीलपत्र घ्यायला उठणार नाही.

घाटाच्या पायथ्याशी एका वृद्ध उस्तादांचं गॅरेज होतं. डोंगरात चालणाऱ्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या जीपगाड्या तिथे दुरुस्तीला येत. उस्तादांच्या हाताखाली केरबा आणि आप्पासो हे दोन शिष्य एकाच वर्षी लागले. एकाच गाडीखाली पाठ टेकून त्यांनी विद्या घेतली, एकाच डब्यातलं खाल्लं आणि दिवसभर एकमेकांचा उद्धार केला. केरबाने ‘आप्प्या, आंधळ्या’ म्हणायचं, आप्पासोने गाडीखालूनच ‘केऱ्या, तूच आंधळा’ असं परत करायचं, आणि काम चालू राहायचं. पुढे उस्तादांची नजर मंदावली. गेल्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर त्यांनी गॅरेजच्या किल्ल्या केरबाच्या हातात ठेवल्या. आप्पासोने सगळ्यांच्या आधी त्याला पेढा भरवला. त्याच्या मनात तेव्हा काही नव्हतं, आणि नंतरही नव्हतं.

अशा त्या गॅरेजात एक हळदीचा व्यापारी आला. त्याच्या जीपमध्ये तसूभर दोष नव्हता. पण बाजारात दुसऱ्या कोणाची जीप आपल्या जीपपेक्षा उंच दिसली, आणि तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. त्याला मोठी चाकं हवी होती. केरबाने त्याला रीतसर समजावलं, की मोठ्या चाकाने गाडी उंच होते खरी, पण तिला ओढायला जड जातं, ब्रेक उशिरा लागतो, आणि मीटरला जुन्याच चाकाचा हिशेब ठाऊक असल्यामुळे गाडी जोरात असली तरी काटा वेग कमी दाखवतो. व्यापाऱ्याने सगळ्याला मान डोलावली, म्हणजे काहीही ऐकलं नाही.

नवी चाकं आली, स्टेपनी धरून पाच. काम आप्पासोकडे गेलं. त्याने मडगार्डच्या कडा कापल्या, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं वळवून चाक कुठे घासतं का ते पाहिलं, नट आवळले आणि पुन्हा एकदा आवळून घेतले. चार चाकं झोकात बसली. पाचवं मात्र मागच्या भिंतीला टेकून तसंच राहिलं, आणि जीपच्या पाठीवर जुनी, लहान स्टेपनी राहिली. जीप ताब्यात देताना केरबाही तिच्याभोवती एक चक्कर मारून आला होता. पण ते असो.

आठवडाभरातच व्यापाऱ्याची जीप घाटात पंक्चर झाली. ड्रायव्हरने पुढच्या पंक्चर चाकाच्या जागी ती लहान स्टेपनी चढवली आणि चढ बघून चारही चाकांना जोर दिला. आता अशा गाडीत चारही चाकांचा घेर सारखाच लागतो. एक चाक लहान असलं की ते जास्त फिरू बघतं, बाकीची त्याला अडवतात, आणि हे भांडण गिअरच्या दात्यांवर येऊन मिटतं. तसंच झालं. दाते गेले, आणि नवी उंच जीप दोराला बांधून खाली आणावी लागली. बाजार भरलेला असताना ती भर बाजारातून ओढत आणली गेली, आणि व्यापाऱ्याला खरा घाव तिथे बसला होता.

तो गॅरेजात शिरला तोच तोंडाचा पट्टा सोडून. केरबाने सगळं ऐकून घेतलं, जीपच्या मागे जाऊन स्टेपनीची रिकामी जागा पाहिली, भिंतीला टेकलेलं पाचवं चाक पाहिलं, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने अंगणाच्या मधोमध उभं राहून आप्पासोला हाक मारली. व्यापारी होता, त्याचा ड्रायव्हर होता, चहावाला होता, रस्त्यावरची चार रिकामी माणसंही थांबली होती.

“आप्प्या, डोळं गहाण ठिवलंयस काय रं? चाक मोजाय येत न्हाई तुला? एवढी वर्सं हितं काय हमाली करत हुतास?”

आप्पासो हातातल्या पान्ह्याकडे बघत उभा राहिला. केरबा थांबला नाही. उस्तादांचं नाव मातीत घातलंस, उद्यापासून गाडीला हात लावू नकोस, आल्या-गेल्याला पाणी दे तेवढंच तुला जमेल, असं बरंच काही तो बोलला. व्यापाऱ्याचा चेहरा हळूहळू निवळत गेला. दुसऱ्याची शोभा झालेली पाहिली की काहींची तब्येत सुधारते. आप्पासोने हात पुसले, पान्हा जागेवर ठेवला, “बरं, मालक” एवढंच म्हणाला आणि घरी गेला.

दुपारी त्याचा मेहुणा आला आणि आप्पासोची हत्यारांची पेटी मागू लागला. घाटापलीकडच्या एका गॅरेजने आप्पासोला कधीचं बोलावलं होतं, संध्याकाळच्या एस.टी.ने तो बायकोमुलांसह निघणार होता. मेहुणा पेटी घेऊन गेला आणि केरबा अधिकच पेटला. चूक करायची स्वतः आणि वर रुसायचं? आजवर हजार वेळा आपण त्याला आंधळा म्हटलं, तेव्हा अंगाला भोकं पडली नाहीत. आज असं काय नवीन बोललो? जायचं तर खुशाल जावं. असं तो चहावाल्याला बोलला, भिंतीला बोलला, आणि एका नटाला तर इतकं बोलला की त्याचे आटे गेले. खरी गोष्ट अशी होती, की आप्पासो गेला तर गाडीखालून उलट उत्तर देणारं माणूस त्याला या जन्मात पुन्हा मिळणार नव्हतं. ते त्याला आतून कळत होतं, आणि त्याचाच त्याला जास्त संताप येत होता.

उस्ताद एवढा वेळ जीपच्या एका जुन्या सीटवर बसून होते. ते उठले आणि त्यांनी केरबाला दोन चाकं आणायला सांगितली, एक त्या जीपवरून उतरवलेली जुनी स्टेपनी आणि दुसरं भिंतीशी राहिलेलं नवं. दोन्ही चाकांवर त्यांनी खडूने एकेक रेघ ओढली. जमिनीवरही एक रेघ ओढली. मग समोर काही अंतरावर बोट दाखवून म्हणाले, “हितं उभा ऱ्हा. हलू नगंस.”

केरबा धुसफुसत उभा राहिला. उस्तादांनी जुनं चाक जमिनीवरच्या रेघेवर धरलं, खडूची खूण बरोबर खाली आणली आणि ते हळूच पुढे ढकललं. खूण वर गेली, फिरून पुन्हा जमिनीला लागली, तिथे त्यांनी चाक थांबवलं. ते केरबाच्या अंगठ्यापासून दोन बोटं अलीकडे थांबलं होतं.

मग त्यांनी नवं चाक घेतलं. तीच रेघ, तशीच खाली धरलेली खूण, तसाच एक फेरा. खूण पुन्हा जमिनीला लागायच्या आत चाक केरबाच्या बोटांवर चढलं.

केरबाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. चाक ढकलून देऊन तो एका पायावर नाचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा गुरूवर ओरडला, की दिसत नसेल तर गप बसावं, माणसाला अधू करून ठेवायचं काय हे. बोलून झाल्यावर त्याला आपलेच शब्द ऐकू आले, पण राग उतरला नाही.

उस्ताद शांतपणे म्हणाले, “दोन्ही येळंला म्या एकच फेरा दिला. तूबी हलला न्हाईस. मग पाय का चेमटला?”

“चाक मोठं हुतं म्हणून,” केरबा दात आवळून म्हणाला.

“खंडेनवमीला तुझंबी चाक बदललं, केरबा. तू फेरा पयल्यागतच देतोस. आप्पासो जितं हुता तितंच उभा हाय.”

“पण चूक त्याची हुती.”

“हुती की. फेरा द्यायलाच पायजे हुता. पर पयलं त्यो तुला उलटा फेरा द्यायचा आन् हिशेब फिटायचा. आता त्यानं काय द्यावं? किल्ल्या तुझ्या कमरंला. गिऱ्हाइकाला सांगतोस, चाक बदललं की काटा कमी दावतो. तुझा काटा तू कवा बघितलास?”

एवढं बोलून उस्ताद पुन्हा सीटवर जाऊन बसले. केरबा तिथेच जमिनीवर बसला, पायाचा अंगठा हातात धरून. ‘बरं, मालक.’ सकाळी हे शब्द कानांवरून गेले होते, नुसतेच गेले होते. आप्पासो आपल्याला मालक कधीपासून म्हणू लागला, हे तो आठवू लागला. दिवाळीत म्हणत होता. त्याच्याही आधी म्हणत होता. आणि केऱ्या? वर्ष होत आलं, त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती, आणि ते आपल्या लक्षातही आलं नव्हतं. ठसठस अंगठ्यात होती, पण आता ती सहन होत होती. जे सहन होत नव्हतं ते वेगळं होतं.

तो उठला आणि लंगडत आप्पासोच्या घरी गेला. दारात बोचकी बांधून तयार होती. आप्पासो पेटीला दोर आवळत होता. त्याने मान वर करून “या, मालक” म्हटलं, आणि केरबाला ते पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. सगळं बोलणं त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

“चाक तूच इसरलास,” तो म्हणाला. “म्याबी फिरून बघितली हुती जीप. मलाबी दिसलं न्हाई. आन् एवढं बोलायचं न्हवतं, चार लोकांत.”

आप्पासो दोर आवळत राहिला. मग त्याची नजर केरबाच्या पायावर गेली. अंगठा काळानिळा होऊन टम्म सुजला होता. काय झालं म्हणून त्याने विचारलं. उस्तादांनी ते पाचवं चाक पायावर घातलं, असं केरबाने खाली बघत सांगितलं, आणि आपण हललो नाही हेही सांगितलं.

आप्पासोने वाकून तो अंगठा नीट पाहिला. मग त्याने दोराची गाठ सोडली, पेटीची एक कडी स्वतः धरली आणि दुसऱ्या कडीकडे मानेने खूण केली.

“धर. आन् केऱ्या, तू मागनं चाल. लंगडा फुडं असला तर सांजपतूर गॅरेज यायचं न्हाई.”

केरबाने कडी धरली आणि मागे राहिला. डोळे भरून आल्यामुळे त्याला रस्ता नीट दिसत नव्हता, पण त्याने कडी सोडली नाही.

ज्यांच्या हाती नुकत्याच किल्ल्या आल्या असतील, त्यांनी रागवावं, जरूर रागवावं. फक्त आधी समोरच्याच्या पायाकडे एकदा बघून घ्यावं.