के सायलेंट असतो

तेच तेच सांगायला लावता, आता ऐका आणि पुन्हा विचारू नका.

काजूच्या कारखान्यात बॉयलर फुटून फुलाबाईचा नवरा मेला. मालकाने ते दडपलं आणि तोच बॉयलर सांधून पुन्हा पेटवला. परदेशी गिऱ्हाईक पाहणीला येणार, म्हणून बायांना इंग्रजी शिकवायला फाटक मास्तर ठेवला.

फुलाबाई सुरीला ‘क्नाइफ’ म्हणाली.

“अगं म्हशे, नाइफ! के सायलेंट. तो असतो, पण तोंडातून काढायचा नाही!”

गोरा साहेब आला. इथे कुणी दगावलं का, त्याने विचारलं.

“नो सर,” मास्तर म्हणाला.

फुलाबाई पुढे झाली. “वन मॅन डेड, सर. माय हजबंड. बट सायलेंट.”

साहेबाने बॉयलर विझवायला लावला.

मेला तो माझा पोर. बॉयलर फुटून तो गेला असं मी सांगितलं, तेव्हा “थेरड्या, खोटं बोलतोस,” असं मला म्हणाला होता आणि अजून माफी मागत नाही, तो हाच मास्तर, गजानन फाटक.