धुरपेची हाक

डोंगराने तिन्ही बाजूंनी कवेत घेतलेल्या कडेवाडीत गोणपाट महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. ही कडेवाडी आपल्या मुलखातली नव्हे बरं का! तिथे आभाळात दोन चांद उगवत, आणि तिथला ताप माणसाला पोळत नसे, दगड करत असे. माणसं मात्र आपल्यासारखीच, आणि त्यांची मिजासही आपल्यासारखीच. महाराज अंगावर गोणपाट पांघरत, म्हणून त्यांना हे नाव पडलं. मोठ्या घरांची आमंत्रणं सोडून ते धुरपा कुंभारणीच्या ओसरीवर बसले. "मडक्यांचा आवा पेटलाय, इथंच ऊब आहे," असं म्हणाले आणि राहिले.

गावामागच्या कड्यावर हाकवेल होती. काय सांगावी तिची थोरवी! तिच्या सुक्या ताण्यांचे दोर पुरातही तुटत नसत. तिचं फूल उशाशी ठेवलं की रडकं पोर गाढ झोपे. पान टाकलं की मचूळ पाणी गोड होई. आणि दगडताप येऊन माणूस पावलांपासून दगड होऊ लागला, तर तिच्या ताज्या पानाचा चीक हाच एक उतारा. थोरांना हा ताप हळूहळू चढे, लेकरांना झपाट्याने. पण या वेलीला तोडायचं नाही, ओढायचं नाही, फक्त हाक मारायची. हाक ऐकली की वेल आपणहून खाली येई आणि पान हातात देई.

हाक मारणं किती साधं काम! पण साध्या कामाचा एकदा मान झाला की झालंच मग. हाकेचा मान रायाजीराव मानकऱ्यांच्या घराण्याकडे होता. वर्षातून एकदा, मोठ्या चांदाच्या पुनवेला, ते कड्याखालच्या मातीच्या ओट्यावर चढत आणि ढोल-कर्ण्यांच्या गजरात वेलीची लांबलचक बिरुदं म्हणत आणि मग तिथूनच पानं वाटत. दुसऱ्या कुणी हाक मारली तर त्याचं बिऱ्हाड गावाबाहेर. वेल मात्र दरसाल थोडी वर सरकत होती. मग शहाण्या गावाने काय करावं? ओटा उंच केला आणि ढोल वाढवले! "देवी मोठी होतेय, तिला मोठी हाक लागते," असं रायाजीराव सांगत आणि लोक माना डोलवत.

पान न मिळता कुणी पुरता दगड झाला, तर गाव त्याला शेंदूर फासून वेशीवर उभा करी आणि नारळ फोडी. अरे, जित्याला पान नाही आणि मेल्यावर नारळ! कसली ही भक्ती?

रायाजीराव स्वतः मांडीपर्यंत चामडी जोडे घालत, चांदीची काठी टेकत ताठ चालत. ते कुणासमोर बसत नसत, देवापुढेही वाकत नसत. लोक म्हणत, ताठा असावा तर असा!

एके दिवशी सकाळी धुरपेची लेक गोजरा उठेचना. मडकं वाजवून बघावं तसं धुरपेने तिच्या पायावर बोट वाजवलं. ठक्‌ असा आवाज आला. उन्हं वर येईपर्यंत गुडघेही गेले. धुरपेला ना नवरा, ना दुसरं लेकरू. ती तशीच मातीच्या हातांनी रायाजीरावांच्या दारी धावली.

"मालक, चला वो, हाक मारा! पोर दगड व्हायलीय माझी!"

"पुनवेला ये," रायाजीराव म्हणाले.

"पुनवेपातूर पोर ऱ्हातीय व्हय?"

"मग काय, कुंभाराच्या पोरीसाठी मुहूर्त मोडू? झालीच दगड, तर वेशीवर मानाची जागा देऊ तिला. तुझंच नाव होईल!"

भोवतीचे लोक हसले. धुरपेच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं.

"माझी पोर शेंदूर फासायला जल्मली न्हाई, मालक. तुमी मारत नसाल हाक, तर म्या मारते."

"तू? अगं, तुझ्या हाकेला मडकंसुद्धा यायचं नाही! आणि तोंड उघडलंस तर आजच्या आज गाव सोडावं लागेल, ध्यानात ठेव."

"सोडते की! पोर घिऊन सोडते."

धुरपा घरी आली आणि महाराजांच्या पायांवर कोसळली. "म्हाराज, तुमी थोर. तुमी हाक मारा, ती ऐकंल."

महाराजांनी तिला उठवलं. "मी नाही मारणार."

"आसं का वो करता?"

"पोर तुझी, हाक तुझी. मी मारली तर उद्या माझ्या नावाचा ओटा बांधतील हे लोक. चल, मी शेजारी उभा राहतो. बघू कोण अडवतं ते."

गोजराला ओसरीवर निजवून धुरपा कड्याखाली गेली. गाव जमलाच होता. रायाजीराव ढोल-कर्णेवाले घेऊन ओट्यावर उभे होते. धुरपेला बिरुदं कुठली येणार? तिला एकच हाक ठाऊक होती, खेळायला गेलेल्या लेकीला जेवायला बोलावण्याची. तिने मान वर केली आणि हाक घातली.

"ये गं माय! ये लवकर! भाकर निवतीय!"

लोक खो खो हसले. "वेलीला भाकर!" पण वर कड्यावर एक ताणा हलला. रायाजीरावांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "वाजवा रे! बुडवा त्या बाईचा आवाज!" ते ओरडले.

ढोल कडाडले, कर्णे गर्जले. आणि तेव्हा सगळ्या गावाने पाहिलं की वेलीची पानं लाजाळूसारखी मिटली आणि अख्खी वेल अंग चोरून हातभर वर सरकली! दरसाल हेच होत असलं पाहिजे. गुलालाच्या धुरळ्यात वर बघतो कोण? ज्या गजराला हे लोक पूजा म्हणत होते, त्यालाच ती बापडी भीत होती.

"पुरे!" महाराज गरजले. त्यांनी नुसता हात वर केला मात्र, ढोलांवर टिपऱ्या पडत राहिल्या पण ढोल वाजेनात. कर्णेकऱ्यांचे गाल फुगून लाल झाले पण कर्ण्यातून फुंकरही निघेना. धन्य ते महाराज! "बाई, आता मार हाक," ते म्हणाले.

"ये गं माय!" धुरपा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज फाटला. "पोर माझी जातीय गं, ये!"

वेल आली. कडा उतरून आली, ओट्याकडे न बघता त्याला वळसा घालून आली, गर्दीच्या पायांमधून वाट काढत थेट कुंभारवाड्यात गेली. धुरपा तिच्यामागे धावत सुटली. गोजराच्या पायांना वेलीने विळखा घातला, पानांतून पांढरा चीक पाझरला आणि दगडाचं कवच खापरीसारखं तडकून गळून पडलं. गोजराने पाय हलवले. "आये, भाकर कुठाय?" तिने विचारलं. धुरपेने तिला पोटाशी धरलं आणि ती मोठ्याने रडली.

सारा गाव अंगणात लोटांगण घालत होता. रायाजीराव तेवढे काठी धरून ताठ उभे होते.

"जोडे काढा, रायाजीराव," महाराज म्हणाले.

"मानकरी जोडे काढत नाहीत."

"काढवत नाहीत म्हणा."

 एका गड्याने पुढे होऊन जोडे उसवले. आत काळेभोर दगडी पाय होते, गुडघ्यांच्या वर चढलेले! ताठा कसला, तो दगडतापच होता. कित्येक पुनवा वेल त्यांच्या हाकेला आलीच नव्हती. ओट्यावरून ते हाकवेलीची म्हणून भोपळ्याची पानं वाटत होते, आणि स्वतः गुपचूप दगड होत होते.

"धुरपे," ते पुटपुटले, "तुझं ऐकते ती. माझ्यासाठी एक हाक मार."

धुरपेने डोळे पुसले. "म्या मारायची न्हाई. गरज तुमची, हाक तुमी मारा. पण एक सांगते, तुमास्नी कुनी अडवायचं न्हाई."

रायाजीरावांनी सवयीने छाती फुगवली, पहिलं बिरुद तोंडात घेतलं आणि थांबले. सगळा गाव बघत होता. मग त्या मानकऱ्याने, लहान पोराने आईला मारावी तशी, हळू आवाजात हाक मारली. "ये गं माय. मला भ्या वाटतंय."

एक ताणा वळला. त्यांच्या पायांवरून चीक ओघळला, खापऱ्या गळाल्या आणि बऱ्याच काळाने सुटलेल्या त्या गुडघ्यांनी पहिलं काम वाकण्याचंच केलं! ते महाराजांच्या पायांवर पडणार, तोच महाराज बाजूला झाले. समोर धुरपा उभी होती. रायाजीरावांनी तिच्या मातीने माखलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

"उठा, मालक," धुरपा म्हणाली. "आन त्यो ओटा तेवढा पाडून द्या. माती चांगली हाय, मडकी व्हतील."

ओटा पाडला. त्या मातीची मडकी कडेवाडीत घरोघरी गेली, आणि हाक आता कुणीही मारतं. ही कथा ऐकणाऱ्यांचे गुडघे सदा लवते राहोत, आणि गरजेच्या वेळी हाक मारायला कुणाची परवानगी मागण्याची पाळी त्यांच्यावर कधी न येवो!